मल्टिक्लास जादूगार कसा बनवायचा (आणि माझ्यासारखं कुठं फसायचं नाही)

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आमचं रविवारचं डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ) चालतं, आणि थोड्या दिवसांनी कोणतरी नवीन पोरगं येऊन म्हणतंच की मला विझार्ड (पुस्तकी जादूगार) पण व्हायचंय आणि क्लेरिक (देवाच्या नावानं मंत्र टाकणारा) पण. एकाच पात्राला असे दोन क्लास, म्हणजे दोन पेशे, दिले की झालं मल्टिक्लास. मी पण असंच केलेलं. विझार्ड ३, क्लेरिक २, एकूण पाचवी लेव्हल. शेजारच्या भावानं सरळ पाच लेव्हल सॉर्सरर (तो पण जादूवालाच क्लास) घेतलेला, त्यानं फायरबॉल टाकला, सहा बाजूंचे ८ डाइस, गॉब्लिनांची आख्खी टोळी साफ. सगळे माझ्याकडं बघून "तू काय करालायस?" आणि मी आपला मॅजिक मिसाइल मारत बसलेलो.

गंमत म्हणजे फायरबॉलला लागतात तसले तिसऱ्या लेव्हलचे २ स्लॉट माझ्याकडं पण होते. स्लॉट म्हणजे स्पेल, म्हणजे मंत्र, टाकायचा कोटा, आणि स्लॉटची लेव्हल वेगळी, पात्राची वेगळी. इथंच सगळे फसतात म्हणून हे आधी डोक्यात घाला: स्लॉट सगळ्या क्लासचे एकत्र मोजतात, पण स्पेल कुठली मिळणार हे प्रत्येक क्लासचं वेगवेगळं, जणू तुम्ही तेवढ्याच लेव्हलचा एकच क्लास खेळताय असं. म्हणजे चुलीवर पातेलं भलंमोठं आणि आत घालायला मटणच नाही. त्या मोठ्या स्लॉटमधून लहान स्पेल जोरात मारता येते, मॅजिक मिसाइलचे ३ च्या जागी ५ बाण जातात, पण ५ बाण म्हणजे फायरबॉल नव्हे.

मी इथं २०१४ च्या नियमांनी सांगतोय. २०२४ च्या पुस्तकात काही गोष्टी बदलल्यात, तुमच्या टेबलावर कुठलं चालतं ते विचारून घ्या. आणि डीएमची (खेळ चालवणाऱ्याची) परवानगी पण घ्या, कारण २०१४ मध्ये मल्टिक्लास हा ऑप्शनल नियम आहे, डीएम नाही म्हणाला की विषय संपला.

आता बांधायला घ्या. पहिलं काम आकडे, म्हणजे इंटेलिजन्स, स्ट्रेंग्थ अशा पात्राच्या सहा अॅबिलिटींचे. जुन्या आणि नव्या दोन्ही क्लासच्या मेन अॅबिलिटीत १३ पाहिजेच. विझार्डला इंटेलिजन्स, क्लेरिक आणि ड्रुइडला विज्डम, सॉर्सरर, वॉरलॉक, बार्ड यांना करिश्मा, पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि करिश्मा दोन्ही. त्यामुळं एकाच अॅबिलिटीवर चालणारे दोन क्लास जोडले तर काम सोपं जातं, सॉर्सरर-वॉरलॉक लोकं उगाच करत नाहीत.

मी जो बनवायला सांगतो तो म्हणजे क्लेरिक १ आणि पुढं सगळं विझार्ड. पॉइंट बायचे (पॉइंट देऊन आकडे घ्यायच्या पद्धतीचे) २७ पॉइंट असे लावा: इंटेलिजन्स १५, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १३, विज्डम १३, स्ट्रेंग्थ ८, करिश्मा ९. मग वरचे +२ इंटेलिजन्सला आणि +१ कॉन्स्टिट्यूशनला. तसं देणारी रेस (पात्राचा वंश) बघा किंवा डीएमला थोडं मस्का मारा.

पहिली लेव्हल क्लेरिकचीच घ्या. स्केल मेल (खवल्यांचं चिलखत) आणि ढाल सुरुवातीलाच मिळते, म्हणजे १४ अधिक डेक्सचे २ अधिक ढालीचे २, एसी (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १८. विझार्ड झाल्यावर वर शील्ड स्पेल मारली की पुढच्या टर्नपर्यंत २३. साधा विझार्ड बनियनवर लढतो आणि आपला तालमीतल्या पैलवानासारखा उभा राहतो, लय भारी वाटतं. एक सांभाळा, दुसऱ्या हातात शस्त्र धरू नका, मंत्र टाकायला एक हात मोकळा लागतो. आणि स्केल मेल घालून लपूनछपून जायचं जमत नाही, तो खडखडाट डीएमला लगेच ऐकू येतो.

क्लेरिकच्या स्पेल निवडताना एकच नियम लावा, शत्रूनं सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) मारायची स्पेल घ्यायची नाही. क्लेरिक स्पेलचा डीसी (सेव्हला गाठावा लागणारा आकडा) विज्डमवर ठरतो आणि तुमचं विज्डम १३ च आहे, शत्रू हसत वाचणार. ब्लेस, हीलिंग वर्ड आणि गायडन्स कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारी स्पेल), बास. हीलिंग वर्ड तर बोनस अॅक्शनला (टर्नमधल्या छोट्या जादा चालीला) लांबून पडलेल्या मित्राला उठवतं. फक्त त्या टर्नला अॅक्शनमध्ये कॅन्ट्रिपच चालते, तिथं भांडू नका.

यानंतर काय गमावताय ते पण बघा. विझार्डची प्रत्येक गोष्ट एक लेव्हल उशिरा येणार, फायरबॉल पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला, अॅबिलिटी वाढवायचा पहिला चान्स चौथ्याऐवजी पाचव्याला कारण तो क्लासच्या लेव्हलवर मिळतो. कॅन्ट्रिप मात्र एकूण लेव्हलवर वाढतात, ५, ११, १७ ला, तिथं काही जात नाही. एक लेव्हलचा उशीर मी सहन करतो, दोन नाही.

तो पहिला चान्स आला की माझं मत अॅबिलिटी वाढवण्याऐवजी वॉर कास्टर फीट (खास कौशल्य) घ्या, कॉन्सन्ट्रेशन टिकवायला त्याची मदत होते. कॉन्सन्ट्रेशनची (लक्ष धरून चालू ठेवायची) स्पेल चालू असताना मार बसला की १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल त्याविरुद्ध कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह मारावा लागतो, आणि त्याची प्रोफिशियन्सी (फाशात मिळणारी सरावाची भर) ना क्लेरिक देतो ना विझार्ड. क्लासकडून सेव्हची प्रोफिशियन्सी पहिल्या लेव्हलला घेतलेल्या क्लासचीच मिळते, म्हणून काही जण फायटर १ नं सुरुवात करतात. वाईट नाही ते, पण ब्लेस जातं आणि फायटरची लेव्हल स्लॉटमध्ये मोजली जात नाही.

स्लॉटचा हिशोब तर सोपाच आहे. क्लेरिक, विझार्ड, ड्रुइड, बार्ड, सॉर्सरर पूर्ण लेव्हल, पॅलाडिन आणि रेंजर निम्मी, बेरीज करून मल्टिक्लासच्या तक्त्यात बघायचं. वॉरलॉक या बेरजेत नाही, त्याचे स्लॉट वेगळे आणि शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) परत येतात.

शीटवर दोन्ही क्लासच्या स्पेल दोन रकान्यांत लिहा, प्रत्येकासमोर त्याचा डीसी, नाहीतर ऐन फाइटमध्ये तुम्ही पानं उलटत बसणार आणि तोवर मिसळ गार होणार.