सारखी लघवी लागते? या चुका टाळा

"डॉक्टर, सारखं जावं लागतं हो."
"सारखं म्हणजे दिवसातून किती वेळा?"
"खूपच!"
"आणि एका वेळी होते किती?"
इथे पेशंट छताकडे बघायला लागतो. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो, हा संवाद रोजचा आहे.

न मोजता गोळी मागणं

दिवसात सहा ते आठ वेळा लघवीला जाणं नेहमीचंच. साठीनंतर रात्री एकदा उठावं लागलं तरी घाबरायचं कारण नाही. मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली मावते. आता समजा, दोघं जण दिवसातून बारा वेळा जातात. एकाला दर वेळी ३०० मिली होते, दुसऱ्याला जेमतेम ६०. पहिल्याची दिवसाची लघवी साडेतीन लिटरच्या वर गेली. त्याची शुगर बघायची, कॅल्शियम बघायचं आणि तो पाणी किती ढोसतो ते विचारायचं. दुसऱ्याचा शोध मूत्राशय, प्रोस्टेट, इन्फेक्शन, खाली येऊन अडकलेला मुतखडा, झालंच तर जुनाट बद्धकोष्ठ या बाजूला. तक्रार मात्र दोघांची एकच, आणि मेडिकलवाला दोघांना एकच गोळी काढून देणार.

म्हणून मी आधी प्लास्टिकचं मापाचं भांडं आणायला सांगतो. तीन दिवस लिहायचं: किती वाजता, किती मिली, काय प्यायलात, झोपलात कधी, उठलात कधी. लोक हसतात, लाजतात, "अंदाजे सांगतो ना" म्हणतात. अंदाज नको. मात्र लघवीतून रक्त येत असेल, थंडी वाजून ताप आणि कंबरेच्या वर दुखत असेल, किंवा लघवी अडलीच असेल, तर वही राहू द्या, त्याच दिवशी दाखवा.

वहीचा आग्रह का, ते एका गोष्टीवरून सांगतो. सत्तरीतले एक निवृत्त गृहस्थ रात्री पाच-पाचदा उठायचे. शेजाऱ्याला प्रोस्टेटच्या गोळीने "एकदम फरक" पडलेला, त्याने आपल्यातली एक पट्टी यांना दिली. त्या गोळीने, टॅम्सुलोसिनने, उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं, आणि यांना बीपीच्या गोळ्या आधीच चालू. मध्यरात्री बाथरूमच्या दारात पडले, कपाळाला टाके. टाके घालून झाल्यावरही पहिला प्रश्न हाच: "प्रोस्टेटचं ऑपरेशन करावं लागेल का?"

वही लिहायला सांगितली, ती काकूंनी लिहिली. दिवसभरात ७०० मिली, रात्रीतून ११००. म्हणजे रात्री दर खेपेला दोनशेच्या वर, धार चांगली. प्रोस्टेटवाला असा भरभरून करत नाही, त्याची थोडी थोडी होते. उतारवयात दिवस-रात्रीच्या एकूण लघवीपैकी एक तृतीयांशाहून जास्त रात्रीच होत असेल, तर आधी पाय बघावेत. यांच्या पायांवर मोज्यांचे खोल वळ होते. बीपीसाठी चालू असलेल्या अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येते. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते रात्रभर बाहेर काढत बसतात. वर लघवी वाढवणारी 'पाण्याची गोळी' हे रात्री जेवणानंतर घ्यायचे, कारण "सगळ्या एकदम घेतल्या की विसरायला होत नाही."

इको करून हृदय ठीक असल्याची खात्री केली, बीपीची गोळी बदलली, पाण्याची गोळी सकाळवर आणली. दुपारी तासभर पाय तक्क्यावर, सातनंतर पाणी घोटभरच. रात्रीचं उठणं दोनवर आलं. प्रोस्टेटला कुणी हातही लावला नाही. (हे वाचून आपल्या गोळ्यांच्या वेळा परस्पर बदलू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

उन्हाळे लागले म्हणून अर्धवट अ‍ॅंटिबायोटिक

जळजळ, घाई, दर पंधरा मिनिटांनी थेंबभर. मग मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या डब्यातून निघतात. बरं वाटतं, गोळ्या बंद होतात, आणि पंधरा दिवसांत दुखणं परत. तेव्हा कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) केलं तर कधी काहीच उगवत नाही, कधी गोळ्यांना न जुमानणारा जंतू उगवतो. गोळीच्या पहिल्या डोसआधी नमुना द्या, एवढंच माझं म्हणणं. लॅबमधून मिळालेल्या निर्जंतुक डबीतच, पहिली धार सोडून मधली. घरच्या जॅमच्या बाटलीत आणू नका. तास-दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. रिपोर्टला दोनेक दिवस लागतात, म्हणून घाई करणाऱ्यांना ते नको असतं. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या. गार वाटेल, जंतू मरणार नाहीत.

आणि त्रास काहीच नसताना आजोबांच्या रिपोर्टात नुसते जंतू दिसले, तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिला द्यावंच लागतं.

पाणी तोडणं

एसटीचा प्रवास आहे, वाटेत धड संडास नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. यात दोष त्यांचा कमी, स्टँडांचा जास्त. पण घट्ट, पिवळीजर्द लघवी मूत्राशयाला उलट चाळवते, आणि बद्धकोष्ठ त्यात भर घालतं. दुसऱ्या टोकाला पहाटे उठून तांब्यावर तांब्या रिचवणारे, मग दहापर्यंत चारदा जावं लागलं की तक्रार घेऊन येणारे. घरात-ऑफिसात बसणाऱ्याला दिवसाला दीड-दोन लिटर पुरतं. उन्हात राबणाऱ्याला जास्त लागतं. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटने डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच प्यावं. तोडायचाच असेल तर संध्याकाळचा चहा तोडा.

"निघायच्या आधी जाऊन येते"

लांबच्या प्रवासाआधी ठीक. दर तासाला, लागलेली नसताना जाणं म्हणजे मूत्राशयाला अर्ध्यावर ओरडायची सवय लावणं. इन्फेक्शन नाही, लघवी तुंबत नाही, अशी खात्री झाल्यावर मी उलटं करायला लावतो: लागली की दहा मिनिटं थांबा, जमलं की पंधरा, मग वीस. फरक पडायला दीड-दोन महिने जातात. चौथ्या दिवशी फोन येतो, "गोळीच द्या ना."

किरकोळ, पण रोजच्या

ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंचा व्यायाम लघवी करता करता धार अडवून करू नका. तो बसून-पडून, मूत्राशय रिकामं असताना करायचा.

सोनोग्राफीआधी पाणी पिऊन तास न् तास तटतटून बसलात, तर लघवी केल्यानंतर आत उरलेली जास्त दिसते. त्यावरून उगीच प्रोस्टेटचा धसका बसतो. खूप ताण आला तर सेंटरवाल्याला सांगा, वाट बघत कुढत बसू नका.

शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवी वाढणारच, आणि लघवीत साखरही दिसणार. ती गोळी तेच काम करते. रक्तातली साखर बघा.

प्रोस्टेट वाढलेल्यांनी सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यातल्या काही औषधांनी लघवी तुंबते, आणि मग रात्री अकराला नळी घालायला माझ्याकडेच येतात.