कोळ्याच्या घासावरच्या फुकट्या माश्या कशा पाहाव्यात

पावसाळा सरता सरता सह्याद्रीतील जंगलवाटांवर जायंट वुड स्पायडर या कोळ्याची मीटरभर रुंदीची, सोनेरी धाग्यांची जाळी दिसू लागतात. तीन ते पाच सेंटिमीटर लांबीच्या मादीचा फोटो काढून बहुतेक जण पुढे जातात; परंतु तिच्या शिकारीवर डल्ला मारणारे कीटक पाहायचे असतील, तर नजर मादीवर न ठेवता तिच्या तोंडाशी असलेल्या भक्ष्यावर ठेवावी.

कोळी घास चावून गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचकरस सोडून त्याचा द्रव करतो आणि मग तो शोषून घेतो. हा आयता द्रव पिण्यासाठी मिलिचिडी कुळातील, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या काळ्या माश्या येतात आणि त्यांत बहुतांश माद्याच असतात. मधमाशी किंवा उग्र वासाचा झाडावरचा ढेकूण पकडला गेला, की त्याच्या अंगातून सुटणाऱ्या रसायनांच्या वासावर त्या पोहोचतात. म्हणून जाळ्यात मधमाशी अडकलेली दिसली, तर तिथेच शांतपणे थांबावे. (दक्षिण आफ्रिकेतील एक कंदीलपुष्प जखमी मधमाशीसारखा वास सोडून याच कुळातील माश्यांना फसवते आणि त्यांच्याकडून परागीभवन करून घेते, हे मला फार विलक्षण वाटते.)

जाळ्याला धक्का न लावता एका बाजूला उभे राहावे, पलीकडे काळी छत्री उघडून धरण्यास सोबत्याला सांगावे आणि जाळ्यावर श्वास जाऊ देऊ नये. दुर्बीण जवळचे दाखवणारी असेल तर उत्तम. नाहीतर मोबाइलला मॅक्रो भिंग लावावे. भक्ष्यावर काळे ठिपके सरकताना दिसले, की त्या माश्या समजाव्यात. काही वेळा त्या थेट कोळ्याच्या अंगावरही बसलेल्या असतात. मुद्दाम मधमाशी पकडून जाळ्यात टाकणे मात्र कटाक्षाने टाळावे.

जाळ्याच्या कडेच्या धाग्यांवर चांदीच्या थेंबासारखे काही लटकत असेल, तर पाय मोजावेत. आठ भरले तर तो अर्जिरोडीस हा छोटा कोळी होय. तोही चोरच, पण कीटक नव्हे.

जंगल गाठणे जमत नसेल, तर बागेतील फुलांवर दबा धरून बसणारा खेकडा-कोळी शोधावा. तो जाळे विणत नाही; तरीही त्याने मधमाशी धरली, की याच माश्या तिच्यावर येऊन बसलेल्या पाहायला मिळू शकतात.