फवारणीच्या पंपात नेमकं काय काय होतं? मिश्र रसायनांच्या जोखीम मूल्यांकनात येणाऱ्यांसाठी

विषशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, सॉफ्टवेअर कोणतं शिकू?" सॉफ्टवेअर कामाला लागलं की येतं. आमचं काम म्हणजे एकाच वेळी अनेक रसायनं अंगावर येणाऱ्या माणसाला किती धोका आहे हे ठरवणं. त्या माणसाला काय विचारायचं आणि त्याच्या उत्तरातून कोणता आकडा काढायचा, हे मात्र मुद्दाम शिकावं लागतं.

कॉलेजात आपण एकेक रसायन शिकतो. एक पदार्थ, एक उंदीर, एक मात्रा, एक मर्यादा. बाहेर मात्र एकेकटं रसायन कुणाच्याच वाट्याला येत नाही. रंगाच्या कारखान्यात थिनर उघडलं की टोल्युइन आणि झायलीन दोन्ही नाकात जातात. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत दोघांचीही आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) होती. समजा मोजणीत टोल्युइन ५० आणि झायलीन ६० आलं. वेगवेगळं पाहिलं तर दोन्ही पास. पण दोघांचाही मारा मज्जासंस्थेवर आहे, म्हणून प्रत्येक आकड्याला त्याच्या मर्यादेने भागायचं आणि बेरीज करायची: ०.५ अधिक ०.६, म्हणजे १.१. एकाच्या वर गेलं, म्हणजे नापास. हवेऐवजी अन्नपाण्यातली मात्रा असेल तर मर्यादेच्या जागी संदर्भ मात्रा, म्हणजे रोज पोटात गेली तरी अपाय होऊ नये अशी मात्रा, घ्यायची. त्या बेरजेला धोका निर्देशांक म्हणतात. या क्षेत्रातलं निम्मं गणित एवढंच आहे, घाबरू नका.

बेरीज कधी करायची हे कळणं जास्त अवघड. एकाचा परिणाम यकृतावर आणि दुसऱ्याचा फुप्फुसावर असेल तर दोन्ही आकडे एका रांगेत मांडण्यात अर्थ नाही. अवयवागणिक वेगळी बेरीज करा. उलट, "प्रत्येक रसायन निर्धोक पातळीच्या खाली आहे, म्हणजे मिश्रणही निर्धोक" हे वाक्य अहवालात दिसलं की मी तो अहवाल परत पाठवते. २००२ साली लंडनच्या संशोधकांनी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारी आठ दुबळी रसायनं घेतली. एकट्याने काहीच दिसणार नाही इतक्या कमी प्रमाणात ती एकत्र केली, तर परिणाम स्पष्ट दिसला.

आणि काही जोड्या बेरजेतही मावत नाहीत. त्यासाठी यवतमाळ २०१७ नीट अभ्यासा. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. पुढे सरकारने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यात प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रणही होतं. आता शरीरात काय होतं ते बघा. सायपरमेथ्रिन फोडून निकामी करणारी कार्बोक्सिलएस्टरेज नावाची विकरं (एन्झाइम) आपल्या यकृतात असतात. प्रोफेनोफॉस नेमकी हीच विकरं बंद पाडतं. पहारेकरीच बांधून ठेवल्यावर चोराला वेळच वेळ. शिवाय प्रोफेनोफॉसचा स्वतःचा मारा कोलिनएस्टरेजवर, म्हणजे मज्जातंतूंचा संदेश वेळेत थांबवणाऱ्या विकरावर, आहेच: लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर. किडीवर हीच जोडी प्रभावी ठरते ती याच कारणाने, आणि शेतकरी ती घेतो तीही त्याचसाठी. त्याला नावं ठेवू नका.

त्यात वर्ष विचित्र होतं. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे फवारा अंगावर परत येणारा. उकाडा, घामाने भिजलेला सदरा, आणि जोरात मारणारे पॉवर पंप. बहुतेक विष कातडीतून आत जातं हे पुस्तकात एका ओळीत असतं, इथे ते मूल्यांकनाचं केंद्र होतं. तयार द्रावणातल्या झायलीनसारख्या द्रावकांमुळे कातडीतून जाणं आणखी सोपं होतं. लेबलवर ठळक नाव मात्र फक्त मुख्य विषाचंच असतं.

आता मुलाखतीचं. "कोणतं औषध फवारलं?" असं विचारलं की एकच नाव मिळतं, बहुधा सर्वांत महागाचं. मी विचारते: कृषी केंद्रातून काय काय आणलं? पंपात आधी काय टाकलं? झाकणाने मोजून, का अंदाजाने? पिकाचं टॉनिक घातलं का, बुरशीचं औषध? नोझल तुंबल्यावर तोंडाने फुंकलं का? मग सांगतात, "हो, दोन औषधं, एक टॉनिक आणि उरलेलं जुनंही ओतलं होतं." रिकाम्या बाटल्या दाखवायला सांगा. त्यांच्यावरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण लाल आहे का पिवळा, बॅच आणि मुदत काय, हे फोटोत यायला हवं. ज्या घरात बाटल्या पुन्हा वापरल्या जातात तिथे आतलं आणि लेबलवरचं जुळतंच असं नाही, हेही टिपून ठेवा.

शिक्षणाचं म्हणाल तर रसायनशास्त्र, फार्मसी, कृषी, वैद्यक, कुठूनही येता येतं. फार्मसीवाल्यांना औषधांच्या आंतरक्रिया आधीच ठाऊक असतात, त्यामुळे ती मुलं विकरांच्या भागात लवकर रुळतात. कृषीच्या मुलांना पंप कळतो, आणि हे भांडवल ती उगाच कमी लेखतात. संख्याशास्त्र मात्र सर्वांनीच पक्कं करा. मात्रा आणि परिणामाचा वक्र स्वतःच्या हाताने काढता आला पाहिजे. लखनौची विषशास्त्र संशोधन संस्था, अहमदाबादची व्यावसायिक आरोग्य संस्था आणि नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी इथल्या प्रशिक्षणाच्या जाहिराती बघत राहा.

नोकऱ्या सर्वाधिक निघतात त्या कीटकनाशक नोंदणीची कागदपत्रं तयार करणाऱ्या कंपन्यांत आणि कंत्राटी प्रयोगशाळांत. काम कंटाळवाणं वाटेल, पण एकेका रसायनाची अख्खी फाईल वाचायला मिळते, आणि मिश्रणाचा विचार करायला तेच पाठबळ लागतं. फक्त पहिल्या नोकरीत एक गोष्ट मागून घ्या: वर्षातून एकदा तरी फवारणीच्या हंगामात शेतावर किंवा चालू पाळीत कारखान्यावर जाण्याची परवानगी. ती साफ नाकारणारा साहेब असेल, तर दुसरीकडे अर्ज टाकून ठेवा.