अपडेटनंतर ब्राउझर कोरा दिसतोय? हरवलेला डेटा असा शोधा

अपडेट झालं, ब्राउझर पुन्हा उघडला आणि समोर आलं स्वागताचं पान. बुकमार्क नाहीत, पासवर्ड नाहीत, काल उघडे ठेवलेले टॅब नाहीत. मग सुरू होते धावपळ. ब्राउझर चार वेळा बंद-चालू करायचा, अनइन्स्टॉल करायचा, परत टाकायचा, दिसेल त्या खात्यात लॉगिन करायचं. अपडेटने ज्याला हात लावलेला नसतो, ते बऱ्याचदा या धावपळीत जातं.

गाजलेल्या घटना पाहिल्या तर चित्र बरंच धीराचं आहे. मे २०१९ मध्ये फायरफॉक्सची ६७ वी आवृत्ती आली आणि प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क-पासवर्ड वगैरे तुमचा सगळा डेटा ठेवणारं फोल्डर, मिळू लागलं. काहींना एकदम कोरा ब्राउझर दिसला, पण जुनं प्रोफाइल डिस्कवर जागच्या जागी होतं. डिसेंबर २०१९ मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोम ७९ ने काही साठवणीची जागा बदलली, पण जुनी माहिती तिकडे हलवली नाही. क्रोमच्या आधाराने पानं दाखवणारी अनेक ॲप रिकामी दिसायला लागल्यावर गुगलने ते अपडेट मध्येच थांबवलं. जुलै २०२४ मध्ये विंडोजवरच्या क्रोम १२७ मध्ये काही लोकांचे साठवलेले पासवर्ड सुमारे १८ तास दिसत नव्हते. पासवर्ड शाबूत होते, फक्त दिसत नव्हते. उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटने काहींच्या फाइली खरोखरच उडवल्या आणि मायक्रोसॉफ्टला वाटप थांबवावं लागलं. म्हणून आशा सोडायची नाही आणि गृहीतही काही धरायचं नाही.

एक खुलासा आधीच करतो. खाली फोल्डर-फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच दिसतील आणि टाइपही तशीच करायची.

पायरी १: ब्राउझर बंद, इंटरनेट बंद

ब्राउझर पूर्ण बंद करा. खिडकी मिटली म्हणजे तो बंद झाला असं नाही. क्रोम आणि एज मागे चालू राहू शकतात, म्हणून टास्क मॅनेजर उघडून त्यांच्या नावाचं काही उरलंय का ते बघा. मग इंटरनेट तोडा. सिंक (एकाच खात्यावरच्या सगळ्या उपकरणांत डेटा सारखा ठेवायची सोय) चालू असेल तर रिकामेपणसुद्धा सिंक होऊ शकतं: इथे बुकमार्क उडालेत, ते तिथेही उडवा, असा निरोप दुसऱ्या उपकरणांना जातो.

तेच खातं फोनवर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर असेल तर आत्ता तिथला ब्राउझर उघडू नका. आधी ते उपकरण विमान मोडवर टाका आणि मगच उघडा. तिथे बुकमार्क दिसले तर स्क्रीनशॉट घ्या, लॅपटॉप असेल तर लगेच फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा. इतकं केलं तरी निम्मी लढाई जिंकली.

या टप्प्यावर करू नयेत अशा गोष्टी:

- अनइन्स्टॉल. क्रोम काढताना ब्राउझिंग डेटाही काढायचा का, अशी एक चौकट येते. घाईत तिच्यावर टिक पडते आणि मग खरोखरच काही उरत नाही.
- एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं छोटं पूरक सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकणं. एक्स्टेंशनसोबत त्याने साठवलेल्या नोंदी, सेटिंग्ज, टॅबच्या याद्याही जातात.
- क्लीनर किंवा 'स्पीड वाढवा' छापाची सॉफ्टवेअर चालवणं.
- फायरफॉक्सच्या सिंक खात्याचा पासवर्ड 'विसरलो' म्हणून रीसेट करणं. तिथला डेटा तुमच्या पासवर्डशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतो. रिकव्हरी की (आधीच काढून ठेवलेली पर्यायी किल्ली) नसताना रीसेट केला तर सर्व्हरवरचा डेटा जाऊ शकतो. पासवर्ड आठवेपर्यंत थांबा, पण हे करू नका.

पायरी २: प्रोफाइलचं फोल्डर गाठा आणि आख्खं कॉपी करा

बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, कुकी (साइटवरचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी), उघडे टॅब हे सगळं एका फोल्डरमध्ये असतं. प्रोग्राम वेगळीकडे, हे वेगळीकडे. दुरुस्तीचा कुठलाही प्रयोग करण्याआधी हे फोल्डर जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवा. प्रयोग फसला तर परत इथून सुरुवात करता येते.

विंडोजवर क्रोमचं फोल्डर तुमच्या युजर फोल्डरात ॲपडेटा, लोकल, गुगल, क्रोम, यूजर डेटा या क्रमाने सापडतं. एजसाठी गुगल-क्रोमच्या जागी मायक्रोसॉफ्ट-एज. फायरफॉक्सचं ॲपडेटा, रोमिंग, मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स असं. ॲपडेटा लपवलेलं असतं, तेव्हा फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत लपलेल्या गोष्टी दाखवायचा पर्याय चालू करा. मॅकवर लायब्ररीमधल्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये बघा. लिनक्सवर फायरफॉक्सचं फोल्डर पूर्वापार होम फोल्डरात 'डॉट मोझिला' नावाने असतं, पण स्नॅप पॅकेज (उबुंटूची सॉफ्टवेअर टाकायची एक पद्धत) असेल तर ते स्नॅप फोल्डरच्या पोटात जातं. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो, त्यामुळे सिस्टीम अपग्रेड केल्यावर ही दोन्ही ठिकाणं तपासा.

पायरी ३: खरं प्रोफाइल कोणतं ते ओळखा

सगळ्यात फळणारी पायरी हीच. डेटा घरातच असतो, ब्राउझर भलत्याच खोलीचं दार उघडून बसलेला असतो.

फायरफॉक्सच्या प्रोफाइल्स फोल्डरात आठ आडव्यातिडव्या अक्षरांपासून सुरू होणारी एकाहून जास्त फोल्डर असतील, तर बहुधा तुमचं उत्तर तिथेच आहे. प्रत्येकात 'बुकमार्कबॅकअप्स' नावाचं एक फोल्डर असतं. ते उघडा. आतल्या प्रत्येक फाइलच्या नावात तारीख असते आणि तारखेनंतर एक आकडा. तो आकडा म्हणजे त्या दिवशीच्या बुकमार्कची संख्या. एका प्रोफाइलमध्ये कालपर्यंत १२४० आणि दुसऱ्यात आज ८ असं दिसलं, की खरं कोणतं हे कळायला काही उघडावंही लागत नाही. निव्वळ फाइलींच्या आकारावर मात्र विसंबू नका. इतिहास आणि बुकमार्क ठेवणारी 'प्लेसेस' ही फाइल कोऱ्या प्रोफाइलमध्येही काही एमबींची असते.

खरं प्रोफाइल सापडलं की फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट', कोलन आणि 'प्रोफाइल्स' हे सलग टाइप करा. यादीत ते प्रोफाइल शोधून 'सेट ॲज डीफॉल्ट प्रोफाइल' दाबा आणि ब्राउझर पुन्हा सुरू करा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' असं फोल्डर दिसत असेल, तर मधे कोणीतरी 'रिफ्रेश'चं बटण दाबलंय. जुना डेटा त्या फोल्डरात आहे.

क्रोम आणि एजमध्ये 'डीफॉल्ट', 'प्रोफाइल १', 'प्रोफाइल २' अशी फोल्डर असतात. आधी उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून दुसरं प्रोफाइल दिसतं का बघा. नाही दिसलं तर प्रत्येक फोल्डरातली 'बुकमार्क्स' ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी अक्षरांची फाइल आहे, तुमच्या साइटची नावं त्यात सरळ वाचता येतात.

आणि ब्राउझरच काय, डेस्कटॉपसुद्धा कोरा दिसत असेल, तर दोष ब्राउझरचा नाही. विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या युजर प्रोफाइलमध्ये बसवलंय. फेब्रुवारी २०२० च्या एका विंडोज १० अपडेटने नेमकं हेच केलं होतं. सी ड्राइव्हच्या 'यूजर्स' फोल्डरात तुमच्या नावापुढे शून्यं किंवा 'बॅक' (बी-ए-के) लागलेलं फोल्डर दिसलं तर डेटा त्यात आहे. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये कामाचं काही सेव्ह करू नका. काही वेळा एक-दोनदा रीस्टार्ट केल्यावर मूळ प्रोफाइल आपोआप परत येतं.

पायरी ४: प्रोफाइल तेच, पण आतून रिकामं असेल तर

बुकमार्क परत आणणं त्यातल्या त्यात सोपं. फायरफॉक्समध्ये बुकमार्क मॅनेजर उघडून 'इम्पोर्ट अँड बॅकअप' आणि मग 'रिस्टोअर' घ्या. तारखांची यादी येईल, अपडेटच्या आधीची तारीख निवडा. आत्ता जे बुकमार्क आहेत ते जाऊन त्यांच्या जागी जुने येतात, हे ध्यानात ठेवा. क्रोममध्ये अशी यादी नाही. 'बुकमार्क्स' फाइलशेजारी 'बॅक' शेपटाची एकच जुनी प्रत असते आणि ब्राउझर वापरत राहिलं की तीही नव्याने लिहिली जाते. सारखं बंद-चालू करू नका म्हणतात ते यासाठी. ब्राउझर बंद असताना 'बुकमार्क्स'चं नाव बदला, 'बॅक' फाइलची प्रत काढून तिला 'बुकमार्क्स' हे नाव द्या, तेही शेपूट न लावता. मगच ब्राउझर उघडा. क्रोमच्या यूजर डेटामध्ये 'स्नॅपशॉट्स' फोल्डर असेल तर तेही उघडून बघा. मोठ्या आवृत्तीबदलाच्या वेळी क्रोम तिथे जुन्या डेटाची प्रत ठेवतो.

टॅबसाठी फायरफॉक्समध्ये एक खास सोय आहे, जी फारशी कुणाला माहीत नसते. प्रोफाइलमधल्या 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' फोल्डरात 'अपग्रेड' या शब्दाने सुरू होणारी फाइल असते. ती अपडेटच्या वेळचे उघडे टॅब जपण्यासाठीच बनते. शेजारी 'प्रीव्हियस' आणि 'रिकव्हरी'ही असतात. ब्राउझर बंद ठेवून यांतली योग्य तारखेची फाइल कॉपी करा, प्रोफाइलच्या मुख्य फोल्डरात ठेवा आणि तिथल्या सेशनस्टोअर फाइलचं नाव तिला द्या. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबून बघा, नाहीतर हिस्टरी मेनूत 'अमुक टॅब' अशी एकत्रित नोंद शोधा.

पासवर्डचं काम नाजूक आहे. फायरफॉक्समध्ये 'लॉगिन्स' ही फाइल आणि 'की४' ही किल्लीची फाइल यांची जोडी असते. दोन्ही एकाच वेळच्या, एकाच प्रोफाइलच्या हव्यात. एक जुनी आणि एक नवी ठेवली तर काहीच उघडत नाही. 'लॉगिन्स-बॅकअप' अशीही फाइल असते, ती मूळ फाइलच्या जागी लावून बघता येते. क्रोममध्ये पासवर्ड 'लॉगिन डेटा'मध्ये असतात, पण त्यांची किल्ली 'लोकल स्टेट' फाइलमध्ये असते आणि ती किल्लीही विंडोजच्या तुमच्या खात्याला बांधलेली. म्हणून फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन पासवर्ड निघत नाहीत. गुगल खात्याशी सिंक चालू असेल तर आधी दुसऱ्या उपकरणावरून गुगल पासवर्ड मॅनेजरचं संकेतस्थळ उघडून बघा, तिथे ते दिसण्याची शक्यता चांगली असते.

कुकी परत आणायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. पुन्हा लॉगिन केलं की त्या नव्याने तयार होतात.

पायरी ५: जुनी आवृत्ती टाकण्याआधी

नवं बिघडलं तर जुनं टाकू, हा विचार सहज येतो, पण नव्या आवृत्तीने डेटाची मांडणी बदललेली असू शकते. नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल फायरफॉक्सची जुनी आवृत्ती उघडतच नाही, नवं प्रोफाइल बनवायला सांगते. म्हणजे पुन्हा कोरा ब्राउझर. त्यापेक्षा दोन दिवस थांबणं बरं. दोष अनेकांना आला असेल तर दुरुस्तीचं अपडेट येतं आणि न दिसणारा डेटा दिसायला लागतो. फोनवर तर हाच मार्ग आहे, कारण तिथे प्रोफाइलचं फोल्डर सहसा हाती लागत नाही. ॲप काढू नका, 'क्लिअर स्टोरेज' दाबू नका.

फाइली खरंच गेल्या असतील तर बॅकअप बघा. मॅकच्या टाइम मशीनमध्ये लायब्ररी फोल्डर येतं. विंडोजच्या फाइल हिस्टरीत मात्र ॲपडेटा आपोआप येत नाही. पुसलेल्या फाइली शोधून देणारी सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर कधी उपयोगी पडतात. एसएसडीवर पुसलेली जागा लवकर मोकळी केली जाते, तिथे फार आशा ठेवू नका.

पुढच्या अपडेटआधी

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. महिन्यातून एकदा बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा आणि ब्राउझर बंद करून प्रोफाइलचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा. पासवर्डही सीएसव्ही फाइलमध्ये काढता येतात, पण त्या फाइलमध्ये ते उघड्या अक्षरांत असतात. पासवर्ड मॅनेजरमध्ये आयात झाले की ती फाइल डाउनलोड फोल्डरातून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाका.