आंडेक्सच्या मठात बिअर प्यायला जाताय? मग असं जा

म्युनिकला जाणार असाल आणि बिअर आवडत असेल तर एक अख्खा दिवस आंडेक्ससाठी ठेवाच. शहरातले मोठे बिअर हॉल छानच आहेत, पण आंडेक्स हा बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ आहे, १४५५ मध्ये सुरू झालेला. मधे १८०३ ला सरकारने तो बंद केला होता, मग बव्हेरियाचा (म्युनिक ज्यात येतं ते राज्य) राजा पहिला लुडविग याने तो विकत घेतला आणि १८५० मध्ये म्युनिकच्या सेंट बोनिफाझ मठाला देऊन टाकला. ब्रुअरी आजही मठाच्याच मालकीची आहे आणि बिअरच्या पैशातून मठ चालतो, शिवाय म्युनिकमधल्या बेघर लोकांसाठीचं कामही. मला तर म्हणूनच तिथली बिअर जास्त आवडते.

जायचं कसं, तर म्युनिकहून एस-८ लोकल पकडायची आणि शेवटच्या स्टेशनला, हेर्शिंगला उतरायचं, साधारण पाऊण-एक तास लागतो. दिवसभराचं तिकीट काढा, फक्त त्यात हेर्शिंगपर्यंतचे झोन येतात ना ते मशीनवर नीट बघून घ्या. स्टेशनवरून बस मिळते पण पाय चालत असतील तर बस नको, कीनटाल नावाच्या झाडीभरल्या घळीतून वर जाणारी वाट आहे, ओढ्याच्या कडेकडेने, जेमतेम तासाभराची, शेवटी चढ लागतो आणि मग झाडांच्या वर चर्चचा कांद्यासारखा घुमट दिसतो. लोक शेकडो वर्षं या डोंगरावर यात्रेला येतायत, त्याला 'पवित्र डोंगर'च म्हणतात, चालत गेलं की ते आपोआप कळतं. पावसानंतर वाट निसरडी होते, चांगले बूट घाला.

वर पोचलात की आधी चर्च, बिअर नंतर, प्लीज. अठराव्या शतकात चित्रकार योहान बाप्टिस्ट झिमरमानने आतून रोकोको, म्हणजे नाजूक नक्षीने भरलेल्या शैलीत सजवलंय, छताकडे बघत बसावंसं वाटतं, आणि संगीतकार कार्ल ऑर्फ यांची समाधीही इथेच आहे. प्रार्थना चालू असेल तर फोटो नको, गप्प मागे बसा किंवा बाहेर थांबा.

मग ब्रॉयश्ट्युबर्ल, म्हणजे मठाचा बिअर हॉल, आणि त्याची टेरेस. इथे सेल्फ सर्व्हिस असते, बिअरचा काउंटर वेगळा आणि खाण्याचा वेगळा, त्यामुळे दोघंतिघं असाल तर एकाने टेबल धरायचं आणि बाकीच्यांनी लायनीत उभं राहायचं. टेबलं लांबच लांब असतात, अनोळखी लोकांशेजारी बसायचं असतं, आधी "इस्ट हिअर नोख फ्राय?" म्हणजे इथे जागा आहे का एवढं विचारलं की झालं. हवा स्वच्छ असेल तर टेरेसवरून लांबवर आल्प्स दिसतात.

आता मुद्द्याचं. 'मास' म्हटलं तर एक लिटरचा मग येतो, 'हाल्बे' म्हणजे अर्धा लिटर. इथली नावाजलेली बिअर म्हणजे डॉपेलबॉक डुंकेल, गडद, माल्टची गोडसर चव, आणि अल्कोहोल ७.१ टक्के! ती इतकी सहज उतरते की कळतच नाही, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने हाल्बेच घ्यावी आणि सावकाश प्यावी, माझ्या मते ती दोन-तीन घोटांनंतरच खरी खुलते. एवढी जड नको असेल तर हेल, म्हणजे फिक्या रंगाची हलकी बिअर घ्या, ४.८ टक्क्यांची.

खायला श्वाइन्सहाक्स, म्हणजे कुरकुरीत भाजलेला डुकराचा पाय, एक दोघांना पुरतो. शाकाहारी असाल तर ब्रेत्सेल (पिळाचा खारा पाव) आणि ओबात्झ्डा, म्हणजे बटर-पाप्रिका घालून कुस्करलेलं चीज, मस्त लागतं. बटाट्याचं सॅलड मात्र विचारून घ्या, बव्हेरियात त्यात बऱ्याचदा मांसाचा स्टॉक असतो. कॅश युरो जवळ असू द्या.

शनिवार-रविवारी ऊन पडलं की तोबा गर्दी होते, जमलं तर मधल्या वारी सकाळीच जा. हॉल लवकर बंद होतो, मध्यरात्रीपर्यंत चालेल अशी अपेक्षा नको. आणि परत येताना बिअर पोटात आणि बाहेर अंधार असेल तर त्या घळीतून अजिबात उतरू नका, बसने हेर्शिंगला या, शेवटची बस किती वाजता आहे ते वर चढायच्या आधीच स्टेशनवरच्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा.