वस्तीतल्या फुटबॉलचं विद्यापीठाकडून मूल्यमापन करून घेताय? या चुका टाळा

समजा, जूनमध्ये बेसलाइन (कार्यक्रमाच्या सुरुवातीची पाहणी) भरली तेव्हा मैदानावर १२० पोरं होती. मार्चमध्ये एंडलाइन (शेवटची पाहणी) घ्यायला गेलात तर ७० सापडली. अहवालात ओळ येते ती '७० मुलांचा आत्मविश्वास वाढला' अशी. उरलेल्या ५० जणांचं काय झालं, हे ना कार्यक्रम चालवणारी संस्था विचारत, ना विद्यापीठ, ना पैसे देणारी कंपनी. आकडे उदाहरणादाखल घेतलेत. प्रकार मात्र मी इतक्या वेळा पाहिलाय की आता कुठलाही अहवाल हातात आला की आधी हे दोन आकडे शोधतो.

फुटबॉलमधून वस्तीतल्या पोरांसोबत करायच्या या कामाची आपल्याकडची गोष्ट नागपूरची. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. तेच पुढे स्लम सॉकर ही संस्था झालं. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बेघरांचा पहिला वर्ल्ड कप भरला, आणि नंतर भारताचा संघ या स्पर्धेला नेण्याचं काम याच नागपूरच्या मंडळींनी केलं. २०१६ मध्ये स्लम सॉकरला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. असं नाव झालं की मागोमाग पैसा येतो, आणि पैशामागे एक प्रश्न येतो: फरक काय पडला? उत्तरासाठी विद्यापीठाचं दार ठोठावलं जातं, आणि गडबड तिथून सुरू होते.

प्रश्नच अवाढव्य ठेवणं

'फुटबॉलमुळे सामाजिक बहिष्करण, म्हणजे समाजाने बाजूला टाकणं, कमी झालं का?' हा प्रश्न प्रस्तावात शोभतो. मोजायचं काय, ते त्यातून कळत नाही. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी बेघर पुरुषांना १२ आठवडे रस्त्यावरचं फुटबॉल खेळायला लावलं, न खेळणाऱ्यांचा एक गट तुलनेला घेतला आणि तंदुरुस्ती नि हृदयाच्या आरोग्याची मापं तपासली. ती सुधारली होती, आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्धही झाले. प्रश्न छोटा होता, म्हणून उत्तर मिळालं. त्या माणसांना घर मिळालं का, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि तसा दावाही केला नाही.

दुसरी खोड म्हणजे 'ही मुलं आतून खचलेली असणार' असं धरून चालणं. ब्रिटिश अभ्यासक फ्रेड कोल्टर यांनी आफ्रिकेतल्या काही कार्यक्रमांबरोबर मुंबईच्या मॅजिक बस या खेळातून काम करणाऱ्या संस्थेतल्या मुलांनाही प्रश्नावल्या दिल्या होत्या. आत्मसन्मान सरसकट कमी असल्याचं सुरुवातीलाच दिसलं नाही. पुढे झालेला बदलही एका दिशेने नव्हता. कुणाचे गुण चढले, कुणाचे उतरले. तुमच्या बेसलाइनमध्ये निम्म्या मुलांचे गुण आधीच वरच्या टोकाला असतील तर एंडलाइनला ते वर जाणार कुठे? 'कार्यक्रमाचा परिणाम नाही' असा शिक्का बसण्याआधी बेसलाइनचा आलेख उघडून बघा.

मोजपट्टी भाषांतरित करून वाटणं

रोझेनबर्गची १० वाक्यांची आत्मसन्मान मापनी १९६५ ची आहे, सगळीकडे वापरली जाते आणि फुकट मिळते, म्हणून सगळ्यांना आवडते. तिच्यातलं आठवं वाक्य साधारण असं: 'मला स्वतःबद्दल जास्त आदर वाटायला हवा होता.' मूळ हिशेबात याला 'हो' म्हणणं म्हणजे आत्मसन्मान कमी. आपल्याकडच्या चौदा वर्षांच्या पोराला हे सुविचारासारखं वाटतं. तो ठासून 'हो' म्हणतो. आशियातल्या इतर भाषांतही हेच वाक्य अडचणीचं ठरलंय.

त्यात 'सेल्फ-एस्टीम'चं भाषांतर कुणी 'स्वाभिमान' केलं तर संपलंच. स्वाभिमान म्हटल्यावर आमच्या पोरांच्या डोळ्यांसमोर चौकातला फ्लेक्स येतो. आणि बऱ्याच प्रश्नावल्यांत असते ती 'पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ' ही उतरंड? 'तटस्थ म्हणजे काय हो सर?' हा प्रश्न मी प्रत्येक वस्तीत ऐकलाय. एका मुलीने अख्खा फॉर्म भरून झाल्यावर विचारलं, 'किती बरोबर आले?'

यावर उपाय आहे, फक्त वेळखाऊ आहे. आधी दहाबारा मुलांसोबत बसा. एकेक वाक्य वाचा आणि 'तुला यातून काय कळलं, तुझ्या शब्दांत सांग' एवढंच म्हणा. नागपुरात ती मुलं घरी वऱ्हाडी बोलतील, गल्लीत हिंदी. ज्या भाषेत ती भांडतात त्या भाषेत प्रश्न लिहा. वाक्य बदलायची परवानगी विद्यापीठाकडून करारातच घेऊन ठेवा, नाहीतर 'मापनी प्रमाणित आहे, हात लावता येणार नाही' हे उत्तर ठरलेलं.

कोचलाच फॉर्म भरायला सांगणं

कोच दादा समोर उभा असताना 'कोच तुझं ऐकून घेतात का?' याला कोण 'नाही' म्हणेल? एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर) विद्यार्थ्यांना फील्डवर्क म्हणून पाठवणं बरं, पण ते दर वर्षी बदलतात, आणि अनोळखी ताईला मुलं गोड-गोड उत्तरं देतात. निदान पहिले दोन आठवडे त्यांना नुसतं मैदानावर येऊ द्या, फॉर्म न काढता.

तुलनेच्या वस्तीत चेंडू शिरणं

कार्यक्रम नसलेली शेजारची वस्ती तुलनेला घेतली की तीन महिन्यांत तिकडची पोरं इकडे खेळायला येतात. येणारच. त्यांना हाकलून देणारे लोक मला भेटलेत. तसं करू नका. थोडी लांबची वस्ती निवडा आणि पुढच्या वर्षी कार्यक्रम तिकडे सुरू करू, असा शब्द द्या. तो पाळा म्हणजे झालं. तुलनेचा गट जमतच नसेल तर 'फुटबॉलमुळे' हा शब्द अहवालातून काढा. वर्षभरात मुलं मोठी होतात, शाळा बदलते, आवाज फुटतो. न खेळताही ती बदललीच असती.

करार गुळगुळीत ठेवणं

सामंजस्य करारावर सह्या, शाल, श्रीफळ, फोटो. मग कळतं की प्राध्यापकांना शोधनिबंध हवाय, त्यांच्या विद्यार्थ्याला पीएचडी हवीय आणि संस्थेला ३१ मार्चच्या आत चार पानं हवीत. सगळ्यांचं म्हणणं रास्त आहे, फक्त घड्याळं वेगळी आहेत. मुलांची नावं असलेली मूळ माहिती कुणाकडे राहणार, चार पानांचा मराठी गोषवारा कोणत्या तारखेला मिळणार आणि निकाल वाईट आला तर तो छापायचा की नाही, हे आधीच लिहून घ्या. शेवटचा मुद्दा काढला की बैठकीत शांतता पसरते. पसरू द्या.

कंपनीचे पैसे असतील तर आणखी एक गोम आहे. २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे, मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा) खर्च बंधनकारक असलेल्या कंपनीला १ कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पाचं मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं, तेही प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर. एक वर्षाने! तोवर कोच दुसरीकडे गेलेला, पोरं पांगलेली आणि रजिस्टर कपाटाच्या वर. त्यामुळे माहिती टिकवायची सोय पहिल्याच दिवशी करावी लागते.

संमतीचंही तसंच. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्याशी निगडित संशोधनात पालकांच्या संमतीबरोबरच मुलांचाही होकार लागतो: ७ ते १२ वयात तोंडी, पुढे १८ पर्यंत लेखी. संशोधनाला नैतिक परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची तारीख दोन महिन्यांनी मिळते, म्हणून बेसलाइन 'तेवढी उरकून घेऊ' असा मोह होतो. परवानगीआधी गोळा केलेली माहिती पुढे वापरता येत नाही.

हजेरीची वही

आता त्या ५० मुलांकडे येतो. एंडलाइनला नावं जुळत नसतील तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी वही बघा. 'सोनू', 'सोनू २', 'सोनूचा भाऊ'. शाळेतलं नाव वेगळं, आधारवरचं वेगळं. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला नंबर द्या, जर्सीसारखा, आणि तोच प्रत्येक फॉर्मवर टाका. शेजारच्या एखाद्या काकूंचा किंवा मामाचा फोन नंबरही घ्या, कारण घरातला मोबाइल रिचार्ज नसला की बंद पडतो. वेळही बघा: दहावीच्या परीक्षा, लग्नसराईत केटरिंगची कामं, मे महिन्यातलं नागपूरचं ऊन. मे मधली हजेरी बघून कार्यक्रम फसला म्हणणं म्हणजे उन्हाळ्यात विहीर मोजण्यासारखं आहे.

मूल सलग तीन आठवडे आलं नाही की कोचने घरी जाऊन फक्त 'काय झालं?' विचारायचं आणि उत्तर जसंच्या तसं वहीत लिहायचं. 'वैयक्तिक कारण' लिहायला बंदी. एवढं एकच काम नीट केलं तरी विद्यापीठाला प्रश्नावलीपेक्षा जास्त हाती लागतं. अशाच एका वहीत तेराव्या वर्षानंतर गळालेल्या मुलींची कारणं होती. आमचा अंदाज होता की घरचे पाठवत नसतील, आणि पालकांच्या प्रबोधनाची सत्रंही ठरवून झाली होती. वहीत ओळीने लिहिलं होतं: मैदानाजवळ संडास नाही.

पुढच्या प्रस्तावात आम्ही फिरत्या शौचालयाचं भाडं मांडलं. तो खर्च 'क्रीडासाहित्या'त दाखवायचा की 'मूल्यमापना'त, यावर दोन बैठका झाल्या.