टपटपणारा नळ घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 पासून येतंय. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, तेही विंध्याचा चढ चढवून. आणि आपल्या मोरीतला नळ ते रात्रभर टपटप सांडतो. 20 थेंबांचं साधारण एक मिलिलिटर धरलं, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर.

नळ गळू लागला की घरातला प्रत्येकजण तो आणखी जोर लावून आवळतो. घोळ तिथेच होतो. आतला रबरी वायसर झिजलेला असतो. आवळून तो आणखी चेपतो आणि तो ज्यावर टेकतो ती पितळी बैठकही खराब होते.

आधी नळ ओळखा. दोन-तीन फेरे द्यावे लागतात तो जुन्या पद्धतीचा, त्यात वायसर. पाव फेऱ्यात उघडतो त्यात चिनी मातीच्या चकत्यांचं इनर (पाणी उघड-बंद करणारा आतला भाग) असतं. ते अख्खं बदलतात.

टाकीखालचा कॉक बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाका. मग मोरीच्या जाळीवर फडकं अंथरा. हे मी एकदा विसरलो होतो आणि मुठीचा इवलासा स्क्रू थेट गटारात गेला. मुठीवरची टोपी उचकटा, स्क्रू काढा, मूठ वर ओढा. खाली षटकोनी नट दिसेल. नळ अर्धा उघडा ठेवून, पान्याखाली कापड धरून तो डावीकडे फिरवा. कापड नसेल तर चकाकी ओरबाडली जाते. बोअरिंगचं पाणी असेल तर क्षार धरून नट जाम झालेला असतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग पुन्हा प्रयत्न करा. हातोडी नको.

नटासकट आतला भाग बाहेर आला की त्याच्या टोकाचा वायसर काढून खिशात घाला आणि दुकानात तोच दाखवा. ‘अर्धा इंचाचा द्या’ एवढं सांगून आणलेला बसेलच असं नाही. इनरचंही तसंच, जुनं सोबत न्या. नवा वायसर बसवण्याआधी बैठकीवरून बोट फिरवा. खाच लागली तर वायसर बदलून उपयोग नाही, नळच बदला.

जोडताना उलट क्रम. नट हाताने घट्ट करा, मग पान्याने थोडासाच. कॉक हळूहळू उघडा आणि हवा निघेपर्यंत नळ चालू ठेवा. पाणी तोंडातून नव्हे, मुठीच्या बुडातून पाझरत असेल तर वायसरचा दोष नाही. तिथला छोटा नट किंचित आवळून पाहा.

बागेतल्या नळाचं दुखणं वेगळं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते आणि पावसात फुगते. मातीत नुसता उभा केलेला पाइप तिच्याबरोबर हलतो आणि बुडाशी एल्बोत, म्हणजे वळणाच्या जोडात, तडकतो. चुन्यासिमेंटने लिंपून तो फार काळ टिकत नाही. तडकलेला एल्बो बदला आणि पाइप भिंतीला दोन क्लॅम्पांनी बांधा. नळ चढवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर नळ बसवतानाच ती गोळा होऊन बाहेर येते.